गढूळ पाण्यातून पोवळ्यांकडे

सुरतेच्या बाजाराला पोवळे नवे नाही. सतराव्या शतकात भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे जहाजांतून या बंदरात उतरे आणि इथून देशभरच्या सराफांच्या पेढ्यांवर पोचे. इंग्रजांच्या वखारीच्या पत्रव्यवहारात या मालाचा उल्लेख वारंवार येतो, आणि तो घेणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांत वीरजी व्होराचे नाव असते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांच्या फौजेने ज्या हवेल्या रित्या केल्या त्यांत वीरजीचीही होती, एवढे मराठी वाचकाला आठवत असेल. तो मिरी आणि अफूबरोबर पोवळ्याचाही व्यापारी होता, हे सहसा कोणी सांगत नाही. आजही मंगळ कडक निघाला की ज्योतिषी पोवळ्याची अंगठी सुचवतो आणि सराफ ते रतीवर तोलून देतो. म्हणजे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ या शहराला पोवळे ठाऊक आहे ते दगड म्हणून. हा दगड एका जिवाने रचलेला असतो, आणि त्या जिवाचे भाऊबंद गुजरातच्याच समुद्रात, सुरतेहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर, अजून तेच काम करीत आहेत, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ‘प्रवाळ’ या सोवळ्या नावाखाली येते. आजीच्या अंगठीतले पोवळे, गुजराती शेजारणीचे परवाळुं आणि धड्यातले प्रवाळ यांचे गोत्र एकच, हे सुरतेच्या लिंबायत किंवा उधन्यातल्या मराठी शाळेतल्या मुलाला कोणी जोडून दाखवत नाही.

प्रवाळ वाचवण्याच्या कामात विद्यार्थ्यांना कसे घ्यावे, या प्रश्नाचे शाळांकडचे उत्तर ठरलेले आहे: चित्रकला स्पर्धा, घोषवाक्ये, जमलीच तर एक सहल. या गोष्टी वाईट नाहीत, पण त्यांनी प्रवाळाचे काही भले होते असा पुरावा फारसा नाही. माझे म्हणणे असे की शाळेला झेपेल आणि प्रवाळालाही उपयोगी पडेल असे काम एकच आहे. ठरावीक जागेचे पाणी वर्षानुवर्षे पाहत राहायचे आणि जे दिसले ते वहीत उतरवायचे. सुरतेच्या शाळांसाठी हे काम सुरतेतच सुरू होते, तापीच्या गढूळ पाण्यापाशी. जामनगरजवळच्या नराऱ्याच्या प्रवाळभित्तीची सहल हे त्या वहीतले एक पान. सुरतेहून नराऱ्यापर्यंतची वाट या दृष्टीने चालून पाहिली, तर सहल कुठे उपयोगी आहे आणि कुठे ती प्रवाळाच्या जिवावर उठते, हेही कळते.

वाटा दोन आहेत. मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल रात्री सुरतेला येते आणि अहमदाबाद, राजकोटमार्गे जामनगरला सोडते. शाळांना हीच सोयीची वाटते, कारण मुले झोपलेली असतात. पण ज्याला प्रवाळ समजून घ्यायचे आहे त्याने निदान जाताना तरी पाण्याची वाट धरावी. हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी रो-रो फेरी नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. ट्रक, बस, मोटारी पोटात घेऊन ती खंभातचे आखात ओलांडते. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरचा वळसा पडतो, तो पाण्याने ९० किलोमीटरवर आला. हजिऱ्याच्या धक्क्यावरून खाली पाहिले तर पाणी निळे नसते, हिरवेही नसते. दूध जास्त पडलेल्या चहासारखे असते. बोट निघाल्यावर तासभर गेला तरी रंग फारसा पालटत नाही. तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्या आपला गाळ याच आखातात आणून टाकतात, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक तो गाळ दिवसातून दोनदा ढवळून काढते. भावनगरच्या बंदराला गोदीतले पाणी धरून ठेवायला झडपेचा दरवाजा बसवावा लागला, तो याच चढउतारामुळे. नाहीतर ओहोटीला जहाजे चिखलात बसतील. घोघा ते दहेज ही याआधीची फेरी २०१७ मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाली आणि दहेजच्या बाजूला गाळ साचून बोटीला पुरेसे पाणी मिळेना म्हणून बंद पडली. गाळ म्हणजे काय, हे समजावायला शिक्षकाला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आता या चहाच्या पाण्याचा आणि पोवळ्याचा संबंध. दगडी प्रवाळ म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या ते बोटाच्या पेराएवढ्या मऊ जिवांची वसाहत. प्रत्येक जीव म्हणजे एक तोंड, भोवती मिशांसारखी स्पर्शके आणि बुडाशी स्वतःच घडवलेली चुन्याची वाटी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच. ऊन पोचले नाही तर भाडेकरू उपाशी, आणि मग मालकही. वरून गाळ बसला तर तो झटकण्यात जिवाची शक्ती जाते, तोंडे बुजतात. म्हणून खंभातच्या आखाताच्या सुरतेकडच्या किनाऱ्यावर प्रवाळभित्ती नाही. डुमसच्या काळ्या वाळूवर उभे राहून मुलाला ‘इथे प्रवाळ का नाही?’ हा प्रश्न पडला, तर निम्मा धडा झाला. आणि हा प्रश्न मोजता येतो. १८६५ साली आंजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून एक पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. आजही पाण्याचा गढूळपणा मोजण्याची सर्वांत स्वस्त रीत तीच आहे. स्टीलच्या डब्याचे झाकण, त्यावर काळा-पांढरा रंग, मध्ये भोक, खाली वजनाला नट-बोल्ट, दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी. सुरतेत हे वापरायला जागाही नामी आहे. रांदेर आणि सिंगणपोरच्या मध्ये तापीवर जो बंधारा-रस्ता आहे, ज्याला सगळे शहर ‘कॉझवे’ म्हणते, त्याच्या वर गोडे अडवलेले पाणी आणि खाली भरतीचे खारे पाणी. एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, महिन्यातून एकदा तबकडी सोडायची. तारीख, तिथी, वेळ, खोली. चार रकाने. आषाढात वरच्या बाजूची खोली किती घटते आणि मार्गशीर्षात किती वाढते, हे दोन वर्षांत मुलांच्या हाती येईल. ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नसेल.

खानदेशातून सुरतेत आलेल्या घरांसाठी या चार रकान्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून इथे समुद्राला मिळते. वाटेत जळगाव, धुळे, नंदुरबार. ज्या घरांत अजून अहिराणी बोलली जाते त्यांच्या गावच्या शेतातली माती पावसात याच नदीला लागते. उकाईच्या धरणात, १९७२ पासून, त्यातली बरीच अडते, पण सगळी नाही. ‘गाळ येतो कुठून?’ याचे उत्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जाऊन पाहता येते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालवते. एकाच शहरात इतक्या दिशांनी आलेली मुले असणे ही अशा कामाला लाभलेली चैन आहे, आणि ती वापरली जात नाही याचे वाईट वाटते.

घोघ्याला उतरून भावनगर, राजकोट करीत जामनगर गाठले की जमीन कोरडी आणि पसरट होत जाते. कच्छच्या आखाताच्या या दक्षिण किनाऱ्यावर पाऊस कमी, मोठी बारमाही नदी नाही, म्हणून गाळही खंभातच्या मानाने कमी. ओख्यापासून जोडियापर्यंतच्या या पट्ट्यात ४२ बेटे आहेत, त्यांच्या कडेला तिवरे आणि प्रवाळभित्ती. १९८० मध्ये इथे सागरी अभयारण्य झाले आणि १९८२ मध्ये त्यातल्या सुमारे १६३ चौरस किलोमीटरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून ते देशातले पहिले. त्याआधी या भित्तींची गणना कच्च्या मालात होती. सिक्क्याच्या बाजूला सिमेंटसाठी इथली प्रवाळाची चुनखडी वाळू उपसली जाई, आणि उपसा जिथे होई तिथे उडालेला गाळ शेजारच्या जिवंत प्रवाळावर बसे. सुरतेच्या सराफाने पोवळ्याला दगड मानले, सिमेंटवाल्याने चुना मानले. हिशोब एकाच वहीतला. २००१ मध्ये दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला बसवले. ही गोष्ट शाळांना घराजवळची वाटायला हवी, कारण कित्येक शाळांच्या जीवशास्त्राच्या कपाटात शंख-शिंपल्यांशेजारी प्रवाळाचा एखादा पांढरा तुकडा धूळ खात असतो. तो कुठून आला, कोणी आणला, आज आणला असता तर काय झाले असते, यावर एक तास सहज जाईल.

जामनगरहून पश्चिमेला साठेक किलोमीटरवर, वाडिनारजवळ, नरारा आहे. इथे पोहावे लागत नाही, बुडी मारावी लागत नाही. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेऊन, ओहोटीला पाणी दूर सरकले की भित्तीवरून पायी जाता येते. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तारकर्लीला बुडी मारून प्रवाळ दाखवतात. पण चाळीस मुलांना पाण्याखाली नेणे कोणत्या शाळेला परवडेल? नराऱ्याचे मोल हे की इथे समुद्र स्वतःच पांघरूण काढतो. मात्र पहिल्या दर्शनाला मुलांची निराशा होते, आणि त्याची तयारी आधी करून ठेवावी. पुस्तकातल्या चित्रात ऑस्ट्रेलियाचा निळा समुद्र असतो, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या असतात, नारिंगी मासे असतात. नराऱ्याचे प्रवाळ बहुतेक बसके, गोलसर, दगडाला चिकटलेले. रंग मातकट, शेवाळी, फिका तपकिरी. फांद्यांचे प्रवाळ या आखातात दीर्घकाळ मृत अवशेषांच्या रूपातच सापडत आले आहे. जे टिकले ते उन्हात उघडे पडणे, हिवाळ्यातली थंडी आणि थोडाफार गाळ सोसणारे निगरगट्ट गडी. गुडघाभर पाण्याच्या डबक्यात वाकून स्थिर राहिले तर दिसते: फुटबॉलएवढा एक गोळा, त्याच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या वाट्या, प्रत्येक वाटीची कड किंचित उंच, मध्ये हिरवट ठिपका. असा गोळा वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा त्याचे वय मुलांच्या वयाएवढे किंवा त्याहून जास्त भरायला हरकत नाही. शेजारी समुद्रफूल आपली स्पर्शके आत घेते, खेकडा तिरका पळतो, आणि दगड वाटलेले काहीतरी अचानक रंग बदलून सरकते, तो अष्टपाद असतो.

इथेच पहिला आणि सर्वांत जड आक्षेप उभा राहतो: मुलांना तिथे न्यावेच कशाला? प्रत्येक पाऊल कशावर तरी पडते. एका हंगामात शंभर शाळांनी सहली काढल्या तर वाचवायला काय उरेल? आक्षेप खरा आहे, आणि जे सहल म्हणजेच संवर्धन समजतात त्यांनी तो टाळू नये. नराऱ्याच्या भेटीच्या छायाचित्रांत एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसते: कोणाच्या तरी तळहातावर फुगवटा मासा, फुगून चेंडू झालेला, भोवती हसणारी तोंडे. तो मासा गमतीने फुगत नाही; मृत्यू जवळ आला असे वाटल्यावर फुगतो. हवाईतल्या हनौमा उपसागराने यावर एक मार्ग काढला. तिथे गर्दीने भित्तीचे हाल होऊ लागले तेव्हा दिवसाच्या प्रवाशांना मर्यादा घातली, आठवड्यात सुट्टी ठेवली, आणि २००२ पासून पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला नऊ मिनिटांची चित्रफीत पाहणे सक्तीचे केले. नऊ मिनिटांनी एवढे साधायचे असेल, तर वर्षभर तबकडी सोडलेल्या मुलांकडून अपेक्षा जास्त ठेवता येते. म्हणून माझा आग्रह असा की नराऱ्याला वर्ग जाऊ नये, वही जावी. ज्यांनी वर्षभर नोंदी ठेवल्या अशा दहा-बारा मुलांची तुकडी, वर्षाआड, त्याच डबक्यांपाशी, वाळूच्या पट्ट्यांवरूनच चालत. बाकीच्या शाळेने त्यांची वही वाचावी. यावर कोणी म्हणेल की हा अन्याय आहे, काही मुलेच का? पण क्रिकेटच्या संघातही अकराच जण जातात, आणि त्याला अन्याय म्हणत कोणी पालक शाळेत येत नाही.

त्या मुलांनी तिथे करायचे काय, यालाही ठोस उत्तर आहे. क्वीन्सलँड विद्यापीठातून २००२ मध्ये ‘कोरलवॉच’ हा उपक्रम निघाला. त्याचे साधन म्हणजे तळहाताएवढे एक जलरोधक कार्ड. त्याला चार बाजू, चार रंगछटा, आणि प्रत्येक बाजूवर १ ते ६ अशा फिकटापासून गडदापर्यंतच्या पायऱ्या. प्रवाळाला हात न लावता कार्ड जवळ धरायचे, त्याचा सर्वांत फिका भाग आणि सर्वांत गडद भाग कोणत्या आकड्याशी जुळतो ते लिहायचे. रंग जेवढा फिका, तेवढे शैवाल कमी. दोन पायऱ्यांचा फरक पडला तर आत काहीतरी घडते आहे असे समजायचे. ज्या मुलाने साडीच्या दुकानात वडिलांना रंगकार्डावरून माल ठरवताना पाहिले आहे, आणि सुरतेत अशी मुले ढिगाने आहेत, त्याला हे शिकवायला पाच मिनिटे लागणार नाहीत. डाइंग मिलमध्ये छटा जुळवणे ही पोटापाण्याची विद्या आहे. ती इथे कामी येते.

शाळकरी मुलांच्या नोंदी शास्त्रज्ञांच्या काय उपयोगाच्या, असा दुसरा आक्षेप येतो. एकट्या नोंदीचा उपयोग नाही, हे मान्य. पण नोंद जेव्हा त्याच जागेची, त्याच रीतीने, दहा वर्षे होते तेव्हा तिची किंमत बदलते; सरकारी सर्वेक्षण वर्षागणिक प्रत्येक डबक्यापाशी जाऊ शकत नाही. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने ओहोटीला किनाऱ्यावर फिरून दिसेल त्याची छायाचित्रे आणि नोंदी जमवायला सुरुवात केली. ज्या समुद्राला सगळे गटार म्हणून मोकळे झाले होते, त्यात प्रवाळापासून समुद्री गोगलगाईंपर्यंत काय काय राहते ते या नोंदींतून लोकांपुढे आले. २०२० मध्ये किनारी रस्त्यासाठी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरून प्रवाळाच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा ‘मुंबईत प्रवाळ?’ म्हणून अनेकांच्या भुवया उंचावल्या. जे नोंदलेले नाही ते नाहीच असे धरून रस्ते आखले जातात. म्हणून नोंद.

मुलांचा शब्द घराबाहेर चालतो का, याचे उत्तर गुजरातच्याच किनाऱ्यावर मिळते. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदरच्या बाजूला एकेकाळी व्हेल शार्क या प्रचंड, निरुपद्रवी माशाची शिकार होई. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण कायदा खोल समुद्रात पोचत नाही. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने वनखात्याबरोबर मोहीम काढली, रामकथाकार मोरारीबापू तिचे दूत झाले. बापूंनी मांडणी अशी केली की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हणायचे. पथनाट्ये झाली, शाळांत स्पर्धा झाल्या, गावोगाव प्रचंड फुगवलेला व्हेल शार्क फिरला, आणि किनाऱ्यावरच्या शहरांनी तिला आपले मानचिन्ह केले. पुढे मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. यातली गंमत पाहण्यासारखी आहे. शिकार थांबवायला ‘जैवविविधता’ हा शब्द उपयोगी पडला नाही, ‘माहेर’ उपयोगी पडले. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी: फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायची सोय झाली, म्हणून भावना टिकली. मुलांकडून घोषणा देऊन घेणाऱ्या शाळांनी हा दुसरा भाग विसरू नये.

सर्वांत रास्त आक्षेप सुरतकराचा आहे: आमच्या तापीचे पाणी काही कच्छच्या आखातात जात नाही; कॉझवेवर तबकडी सोडून नराऱ्याच्या प्रवाळाचे काय भले होणार? थेट काहीच नाही, हे स्वच्छ सांगून टाकावे. मुलांना खोटा संबंध शिकवण्यापेक्षा खरा लांबचा संबंध शिकवणे बरे. तो असा: वाडिनार-सलायाच्या परिसरात समुद्रातच तेलवाहू जहाजे रिकामी होतात आणि तिथून नळाने कच्चे तेल वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत येते. गुजरातच्या रस्त्यांवरचे कितीतरी पेट्रोल या प्रवाळाच्या शेजारून आलेले असते. दुसरा संबंध माणसांचा. सुरतेच्या हिऱ्याच्या घंट्यांवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकांवर, बसणारे बहुसंख्य कारागीर सौराष्ट्रातले. दिवाळीत त्यांच्या गावांना जाणाऱ्या बसगाड्यांनी वराछा रस्ता तुंबतो. म्हणजे वरच्या नदीकाठची मुले मराठी शाळेत आणि प्रवाळाच्या बाजूची मुले शेजारच्या गुजराती शाळेत. दोन शाळांनी वह्या एकत्र केल्या तर मुलताईपासून नराऱ्यापर्यंतचे पाणी एका फळ्यावर येईल. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या प्राधिकरणाने २००३ मध्ये ‘रीफ गार्डियन’ शाळा सुरू केल्या, त्यांतल्या अनेक समुद्रापासून आत, शेतीच्या मुलखात आहेत. ती मुले कचरा, ओढे, शेतातून वाहून जाणारी माती यांवर काम करतात. बरीच मुले भित्तीपर्यंत पोचतही नसतील. त्यांच्या नद्या मात्र भित्तीकडेच जातात, आपली जात नाही, हा फरक विसरून ती योजना जशीच्या तशी उचलू नये.

आणि ऊन? प्रवाळाचा खरा काळ समुद्राची उष्णता आहे. पाणी नेहमीपेक्षा जेमतेम एक अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामान संस्थेने जगभरातल्या प्रवाळाच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीने २०१८ मध्ये सांगितले आहे की तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी उष्ण समुद्रातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जाईल, आणि दोन अंशांवर जवळजवळ सगळेच. यापुढे डब्याचे झाकण आणि रंगाचे कार्ड हास्यास्पद वाटू शकते. मुलांना ‘तुम्ही प्रवाळ वाचवाल’ असे सांगणे मला लबाडी वाटते. पण उष्णतेने अशक्त झालेल्या प्रवाळाला गाळ, तेल आणि पाय हे आणखी तीन मार असतात, आणि ते कमी झाले तर प्रवाळ सावरण्याची शक्यता वाढते. मिठापूरजवळ २००८ पासून वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट आणि टाटा केमिकल्स मिळून भित्ती सावरण्याचा प्रयत्न करीत आहेत; २०२० मध्ये तिथे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने सौम्य वीजप्रवाह सोडून चुना साचवणारा सांगाडाही बसवला. कोणते प्रवाळ उन्हाळ्यानंतर परत गडद झाले आणि कोणते नाही, हे कळल्याशिवाय अशा कामांना दिशा मिळत नाही.

वेळ आणि पैसा यांचा आक्षेप मुख्याध्यापकांचा. त्याला उत्तर थोडक्यात: नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा आहे, २००१ पासून राष्ट्रीय हरित सेनेचे इको-क्लब आहेत, बऱ्याच ठिकाणी कागदावर. बारा महिन्यांच्या बारा सकाळी त्यात बसतात. गणिताचा तास तर फुकट मिळतो. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास येतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउतार. हा हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा. खंभातच्या आखातात भरती आत घुसायला वेळ घेते, कच्छच्या आखातात वेगळा. भरतीच्या छापील कोष्टकाशी ताडून सुरतेचा फरक किती आणि नराऱ्याचा किती, हे सातवीच्या मुलांनी शोधावे. हाच शोध सहलीची तारीख ठरवतो, कारण नराऱ्याला मुहूर्त शाळेच्या सुट्टीवर मिळत नाही, ओहोटीवर मिळतो. दिवाळीनंतरच्या थंडीतली, उधाणाच्या दिवसांतली, उजेडात येणारी ओहोटी पाहिजे; अशा सकाळी हंगामात मोजक्याच निघतात.

आणि त्या दिवशीही हातात वेळ थोडा असतो. पाणी दूर गेलेले असते तेव्हा ते परत येणार नाही असे वाटते. डबक्याच्या काठावर कार्ड धरून आकडे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, तिसऱ्याने फक्त घड्याळ आणि पाण्याची कड पाहायची. वाळूत काठी रोवून ठेवली की कड वळल्याचे लगेच दिसते. काठीच्या बुडाशी ओल येते, मग वाळूवरच्या बारीक घळी आतल्या दिशेने भरू लागतात, आणि मघाशी कोरडी पार केलेली चिंचोळी वाट घोट्याएवढी होते. वाटाड्या त्याआधीच हाक मारतो. पाचव्या गोळ्याचा गडद आकडा लिहायचा राहून गेला असेल तर तो रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही, आणि किनाऱ्याकडे वळायचे.